न पडणारी हर्डलं

बॅराक्लोंच्या घरी रविवारी आधी यॉर्कशायर पुडिंग येतं, म्हणजे अंड्या-पिठाचं फुगवलेलं, गोड नसलेलं, नुसतं, ग्रेव्हीत बुडवलेलं. मांस त्यानंतर. आणि भांडण व्हायचंच असेल तर ते या दोहोंच्या मधल्या वेळात होतं, कारण तेव्हा ताटंही रिकामी असतात आणि तोंडंही. लॉरेनला सून होऊन या घरात अडतीस वर्षं झाली होती. तो मधला वेळ कमी करायला तिने काय काय केलं नव्हतं! मांस आधीच कापून ठेवून पाहिलं, नणंदेला ऐन वेळी बटाट्यांच्या कामाला लावून पाहिलं, एकदा तर पुडिंग आणि मांस एकाच ताटात वाढून पाहिलं. त्या रविवारी सासरे संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नव्हते.

आजचं जेवण खास होतं. आदल्या दिवशी तिच्या लेकीने, ब्रायनीने, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, शेवटची अडथळ्यांची शर्यत पळून घेतली होती. शंभर मीटर, दहा हर्डलं आणि शेजारच्या पट्ट्यांत तिच्या निम्म्या वयाच्या पोरी. ब्रायनी तिसरी आली, तिने बुटांच्या नाड्या एकमेकांत बांधून ते गळ्यात अडकवले आणि घरी आली. पंचवीस वर्षांचं पळणं संपलं होतं.

"ग्रेव्ही पातळ झालीय," हिलरी पातेल्यात डोकावून म्हणाली.

"दर रविवारी एवढीच असते, हिलरी."

"तेच म्हणतेय मी."

हिलरी ही नवऱ्याची थोरली बहीण. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी घरभर हजेरी घेत फिरायची. तिची मुलगी नर्स होती आणि रविवारी बहुधा तिची ड्यूटी असायची, म्हणून नऊ वर्षांची नात, नेल, आजीबरोबर इथे जेवायला यायची.

"दोन खुर्च्या कमी पडतायत," हिलरीने मोजून जाहीर केलं. "गॅरेजमध्ये आहेत. पण तिकडे जायचं नाही, असं बाबांनी सांगितलंय. तीन आठवडे दार लावून काय चाललंय कोण जाणे."

"तुला सांगितलंय," लॉरेन हात पुसत म्हणाली. "मला काही बोलले नाहीत."

गॅरेजमध्ये गाडी कधीच नव्हती. तिथे सासऱ्यांची, विल्फची, करवत, रंधे आणि पटाश्या होत्या. भिंतीवर करवतींच्या रांगेत, एका खिळ्याला, ब्रायनीचं राष्ट्रकुल स्पर्धेतलं कांस्यपदक लटकत होतं. पदक मिळालं तेव्हा तिनेच ते आजोबांच्या हातात दिलं होतं आणि त्यांनी ते त्यांच्या लेखी सगळ्यात मानाच्या जागी लावलं होतं. लॉरेनने खुर्च्या ओढल्या आणि कोपऱ्यातली चादर जराशी सरकली. मग तिने ती स्वतःच पूर्ण बाजूला केली.

चादरीखाली सहा हर्डलं होती. छोटी, गुडघ्याच्या जरा वर येणारी, ॲशच्या लाकडाची. एका लाकडाचं कुसू, म्हणजे कोरलेलं टोक, दुसऱ्याच्या खाचेत असं बसवलेलं की सांधा बोटाला लागू नये. प्रत्येकाच्या आडव्या पट्टीवर 'नेल' असं कोरलेलं होतं. काम इतकं देखणं होतं की लॉरेनने नकळत पट्टीवरून हात फिरवला. मग तिची नजर खाली पायांकडे गेली आणि हात जागीच थांबला.

शर्यतीतल्या हर्डलाला पाय एकाच बाजूला असतात, धावत येणारीच्या बाजूला. तिचा पाय पट्टीला लागला की हर्डल पुढे कलंडतं आणि ती न अडखळता पुढे निघून जाते. पडण्यासाठीच केलेली वस्तू ती. विल्फच्या हर्डलांना दोन्ही बाजूंना पाय होते. ती कलंडत नसत.

विल्फ बॅराक्लोंनी जिल्ह्यातल्या निम्म्या शाळांची बाकं केली होती आणि त्यातलं एकही अजून डुगडुगत नव्हतं. वस्तू पुरी झाली की ते तिच्यावर चढून उभे राहायचे. टेबल असो, पाळणा असो, क्रिकेटच्या मैदानावरचा धावफलक असो. आपण उभं राहिल्यावर वस्तू करकरली नाही, तरच ती घराबाहेर जायची. पंचवीस वर्षांपूर्वी नऊ वर्षांच्या ब्रायनीने हट्ट धरला, तेव्हा त्यांनी तिच्यासाठी दहा हर्डलं केली आणि दहांवरही उभे राहिले. रोज संध्याकाळी ती हातगाडीवर घालून घरामागच्या क्रिकेटच्या मैदानावर न्यायची, सीमारेषेबाहेर मांडायची आणि अंधार पडायच्या आत परत आणायची, हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नाही. टीव्हीवर शर्यत लागली आणि हर्डलं धडाधड आडवी झाली की ते मान हलवायचे. "काय माल आहे. ज्याने केलाय त्याला मी दुपारीच घरी पाठवला असता." सगळे हसायचे. म्हातारा चेष्टा करत नाहीये, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात ब्रायनीची नडगी त्यातल्या एकावर आपटली. रक्त आलं, हर्डल जागचं हललं नाही. त्यानंतर तिने पुन्हा कधी आपटून घेतली नाही. ती उंच उडायला शिकली.

एकोणिसाव्या वर्षी लीड्सच्या नव्या प्रशिक्षक बाईंनी तिच्या उडीचं चित्रण सावकाश लावून दाखवलं. मांडी आणि पट्टी यांच्यामध्ये चार इंच आकाश. "ही हर्डल ओलांडत नाही, भिंत ओलांडते," बाई म्हणाल्या. "हे हिला कुणी शिकवलं?" लॉरेन चहाचा थर्मास धरून मागेच उभी होती. दर हर्डलावर वर जायला आणि खाली यायला जो एवढासा वेळ जास्त लागतो, तो दहा वेळा. सवय दहा वर्षांची आहे, बाई म्हणाल्या, कमी होईल, पण जाणार नाही. तसंच झालं. सरावात चाराचे तीन इंच व्हायचे आणि मोठ्या शर्यतीत कसोटीची वेळ आली की पाय आपला जुन्या उंचीवर जायचा. ऑलिंपिकच्या निवड शर्यतीत ब्रायनी चौथी आली. जाणार होत्या तिघी. फरक चार शतांश सेकंदाचा होता. पापणी मिटायलाही त्याहून जास्त वेळ लागतो, हे लॉरेनने आरशासमोर करून पाहिलं होतं.

त्या चित्रणाच्या दिवशी लीड्सहून परतताना गाडीत लॉरेनच म्हणाली होती, "आजोबांना सांगू नकोस." विल्फची बायको, एडना, जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते आणि विल्फ फक्त चहावर होते. नंतर कधीतरी सांगू, असं दोघींचं ठरलं. ते नंतर पंधरा वर्षं आलंच नाही.

लॉरेनने चादर होती तशी घातली आणि खुर्च्या उचलल्या.

जेवणाच्या खोलीत तिचा नवरा ट्रेव्हर सुरीला धार लावत होता.

"बाबांनी नेलसाठी हर्डलं केलीयत."

"छान."

"तशीच केलीयत."

सुरी थांबली. "दोन्हीकडे पाय?"

"दोन्हीकडे. सहा आहेत."

ट्रेव्हरने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आज नको काढूस, लॉरेन."

"मग कधी काढू? पोरीची नडगी फुटल्यावर?"

"मी एवढंच म्हणतोय, आधी जेवून घेऊ."

ट्रेव्हरने आयुष्यातला प्रत्येक प्रश्न जेवणानंतरवर टाकला होता आणि जेवणानंतर त्याला झोप यायची. भला माणूस होता, भांडायची सोयच नव्हती त्याच्याशी.

ब्रायनी आणि नेल मैदानावरून आल्या त्या बुटांना गवत घेऊनच. लॉरेनने नेलला हात धुवायला पिटाळलं आणि लेकीला कोठीघरात ओढून दार लावलं. तिने पाहिलेलं सांगितलं. ब्रायनी लोणच्याच्या बरण्यांना टेकून ऐकत होती.

"आई, नको."

"नेलचं काय?"

"नेलला मी क्लबात नेईन. आता माझ्याकडे वेळच वेळ आहे. तिथे खरी हर्डलं आहेत. ही आपली राहतील इथे."

"इथे राहतील? अगं, शहाऐंशीव्या वर्षी ते हातगाडी ढकलत रोज संध्याकाळी मैदानावर जातील आणि मांडून उभे राहतील. तुझ्यासाठी राहायचे तसे. आणि ती पोर त्यांना नाही म्हणेल? तू म्हणालीस कधी?"

ब्रायनीने एका बरणीचं झाकण उगाच घट्ट केलं.

"चार शतांश, ब्रायनी."

"ते माझे होते, आई. मी ते केव्हाच सोडून दिले."

"मला नाही सोडता आले."

ब्रायनीने आईकडे नीट पाहिलं. ही गोष्ट तिला नवीन होती. मग हळूच म्हणाली, "पदक विसरलीस? मी तेव्हा पाचव्या जागी पळत होते. नवव्या हर्डलाला पुढचीचा पाय अडकला, ती पडली आणि पडताना दुसरीला घेऊन पडली. मी दोघींना मागे टाकून आले. आयुष्यात मी एकदाही पडले नाही. ते कुणामुळे? आजोबांना वाटतं त्यांनी मला घडवलं. आणि त्यांनीच घडवलंय. आता जाऊन सांगू, की थोडं वाकडंही तुम्हीच घडवलंत?"

बाहेरून हिलरीचा आवाज आला, "पुडिंगं बसायला लागलीत. कुणाला फिकीर आहे का?"

"आज काही बोलू नकोस," ब्रायनी म्हणाली. "माझं जेवण आहे ना आज? मग माझं ऐक."

लॉरेनने मान डोलावली. खरोखर तिच्या मनात तेव्हा तेच होतं.

पुडिंग निवांत पार पडलं. विल्फ टेबलाच्या टोकाला कोट-टाय घालून बसले होते, कानावर पेन्सिल तशीच, भुवयांत भुसा. त्यांनी ताट पावाने स्वच्छ पुसलं, चमचा ग्लासवर एकदा वाजवला आणि लॉरेनने उचललेलं मांसाचं तबक हातातच राहिलं.

"मला भाषण येत नाही," विल्फ म्हणाले. "पंचवीस वर्षांपूर्वी ही ब्रायनी गॅरेजमध्ये आली आणि म्हणाली, आजोबा, मला उड्या मारायला काहीतरी करून द्या. मी करून दिलं. पुढचं तिचं तिने केलं. काल ते संपलं. मला वाटलं होतं, वाईट वाटेल. पण मागच्या महिन्यात ही नेल आली आणि तेच म्हणाली. ट्रेव्हर, चादरीखालचं एक घेऊन ये."

ट्रेव्हरने बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि निमूट गेला. त्याने हर्डल आणून शेकोटीसमोर ठेवलं. नेल खुर्चीवरून उतरून गुडघ्यांवर बसली आणि कोरलेल्या नावावरून बोट फिरवायला लागली.

"आता उभा राहा त्यावर," विल्फ म्हणाले.

"बाबा, माझं वजन माहितेय ना तुम्हाला?"

"म्हणून तर तुला सांगतोय. माझा गुडघा चढू देत नाही."

ट्रेव्हर कपाटाला धरून चढला. एवढा मोठा माणूस त्या एवढ्याशा पट्टीवर उभा राहिला, तरी लाकडाने हूं की चूं केलं नाही. हिलरीने टेबलावर थाप मारली. "याला म्हणतात काम. बघ नेल, तुझे पणजोबा."

"हे जन्मात पडायचं नाही," विल्फ नेलला म्हणाले.

"पण पणजोबा, टीव्हीतली पडतात."

"ती स्वस्तातली असतात, बाळा."

नेलने ब्रायनीकडे पाहिलं. लहान मुलं खरं काय ते विचारायला बरोबर त्याच माणसाकडे बघतात. ब्रायनी ताटाकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते. ती खोटं बोलणार होती, नेलशी, आणि ते तिला जमणार नव्हतं, आणि तरी ती बोलणार होती. लॉरेनला ते बघवलं नाही. तिने तबक खाली ठेवलं.

"बाबा, ती पडायलाच हवीत."

ट्रेव्हर अजून वरच उभा होता.

"हर्डल पाडलं तर शर्यतीत दंड नसतो," लॉरेन पुढे म्हणाली. आता थांबण्यात अर्थ नव्हता. "पाय लागला की ते पडावं म्हणून पाय एकाच बाजूला ठेवतात. म्हणजे पोरी अगदी पट्टीला घासून जातात, भीती न बाळगता. तुमची पडत नव्हती. म्हणून ब्रायनी चार इंच वरून जायला शिकली. ते पुढे सुटलं नाही."

"लॉरेन," हिलरी म्हणाली, "आजच्या दिवशी? तिच्या मानाच्या जेवणाला तू माझ्या बापाच्या कामात खोट काढतेयस?"

"काम पाहिलंय मी, हिलरी. त्यात खोट नाही. तीच तर अडचण आहे."

विल्फनी हात वर केला आणि हिलरी गप्प झाली. ते ब्रायनीकडे वळले.

"खरंय का हे?"

"आजोबा, पदक मला त्यांनीच मिळवून दिलं."

"मी पदकाचं विचारत नाहीये. सुतारकामाचं विचारतोय."

ब्रायनीने मान वर केली. "खरंय."

"चार इंच?"

"कधी तीन. बहुतेक वेळा चार."

"दहाच्या दहा हर्डलांवर?"

"हो."

"म्हणजे चाळीस इंच," विल्फ म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, लाकूड किती लागेल ते सांगावं तसा. "आणि कुणाकुणाला माहीत होतं?"

लॉरेनने शाळेत करतात तसा हात वर केला. थोड्या वेळाने कपाटाजवळून ट्रेव्हरनेही केला.

"तू खाली उतर आधी," विल्फ त्याला म्हणाले. "केव्हापासून?"

"पंधरा वर्षं," लॉरेन म्हणाली. "ब्रायनी सांगणार होती. मीच नको म्हटलं. आई जाऊन तीन आठवडे झाले होते. तुम्ही जेवत नव्हतात."

"नव्हतो जेवत," विल्फ म्हणाले. "तेव्हा नाही सांगितलंस, ते बरोबर केलंस. पण त्यानंतर जेवायला लागलो ना मी, लॉरेन? पंधरा वर्षं दर रविवारी तुझ्या हातचं पोटभर जेवतोय. कधी घास टाकलेला पाहिलास?"

लॉरेनचे डोळे भरून आले. ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"मी सुतार आहे," विल्फ म्हणाले. "काचेचं भांडं नव्हे. एखाद्या शाळेने बाक परत पाठवला की मी रडत बसत नसे. काय चुकलं ते विचारायचो आणि दुरुस्त करायचो. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला ते विचारूच दिलं नाहीत."

इतका वेळ हिलरी हिशेब जुळवत असावी, कारण आता तिचा चेहरा पालटला. "थांबा," ती म्हणाली. "म्हणजे माझ्या नेलने या असल्यांवर उड्या मारल्या असत्या? आणि हे तुला माहीत होतं, ट्रेव्हर? आणि तू वर चढून उभा होतास?"

"बाबांनीच सांगितलं," ट्रेव्हर म्हणाला.

"लॉरेन बोलली म्हणून बरं. या घरात तिला एकटीलाच तोंड आहे." अडतीस वर्षांत नणंदेने आपली बाजू घ्यायची ही दुसरी वेळ होती, आणि पहिली वेळ बटाट्यांवरून होती, हे लॉरेनला तशा अवस्थेतही आठवलं.

विल्फ उठले. "मांस झाकून ठेव," ते म्हणाले.

असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. मांस झाकून ठेवलं गेलं.

गॅरेजमधून करवत आणि गुण्या घेऊन ते पुढे निघाले, बाकीचे हर्डल घेऊन मागोमाग. मैदानावर हंगाम संपल्याची शांतता होती. खेळपट्टीला दोरी लावलेली, धावफलकावर शेवटच्या सामन्याचे आकडे तसेच. विल्फनी सीमारेषेबाहेर हर्डल ठेवलं, कानावरची पेन्सिल काढली आणि पलीकडच्या दोन्ही पायांवर काटकोनी गुण्या लावून रेघ ओढली. मग त्यांनी करवत ब्रायनीपुढे धरली.

"तू काप. माझा गुडघा जमिनीला टेकत नाही."

"आजोबा, इतकं सुंदर केलंय तुम्ही."

"सुंदर आहे आणि चुकीचं आहे. काप. घाई करू नकोस, करवतीला तिच्या वजनाने जाऊ दे."

ब्रायनी रविवारच्या फ्रॉकमध्ये गवतावर गुडघे टेकून कापायला लागली. करवत दोनदा अडकली, दोनदा विल्फनी तिचं कोपर धरून सरळ केलं. नेलने पडलेले दोन्ही तुकडे उचलून खिशात घातले. विल्फ पुढे आले, एका बोटाने पट्टीला ढकललं आणि हर्डल गवतावर आडवं झालं. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. साठ-सत्तर वर्षांत त्यांनी केलेली वस्तू त्यांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदाच पडली होती.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच, आजोबा."

"पाच मिनिटांचं काम होतं." त्यांनी हर्डल उभं केलं. "पळ. ते पाडून दाखव मला."

ब्रायनीने सँडल काढले, फ्रॉक गुडघ्यावर खोचला आणि मागे गेली. लॉरेनने तिला पळताना हजारदा पाहिलं होतं, पण मैदानाच्या कडेच्या त्या गवतावर पंधरा वर्षांत पाहिलं नव्हतं. ती आली, उडाली, पलीकडे उतरली. हर्डल उभं होतं. नऊ वर्षांच्या पोरीसाठी केलेल्या त्या एवढ्याशा पट्टीच्या वर चार इंच आकाश लॉरेनला चष्म्याशिवाय दिसलं.

"पाड म्हटलं मी," विल्फ म्हणाले.

ती परत गेली, परत आली. हर्डल उभंच. तिसऱ्यांदा तिने दात-ओठ खाल्ले, खाली बघत आली, पाय मुद्दाम खाली धरायचा म्हणून आली, आणि ऐन वेळी पाय आपला आपण वर उचलला गेला. ती गवतावर बसकण मारून हसायला लागली. हसता हसता तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती रडायला लागली. निवड शर्यतीच्या दिवशी ती रडली नव्हती. टीव्हीवाल्यांशी छान बोलली होती आणि गाडीत झोपून गेली होती.

विल्फ तिच्यापाशी गेले. गुडघा दुमडत नव्हता, म्हणून त्यांनी उभ्यानेच तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"राहू दे, पोरी. तुझ्या पायात मी सांधा बसवलाय. माझा सांधा सुटत नाही." थोड्या वेळाने ते म्हणाले, "माफ कर मला."

"आजोबा, मी एकदाही पडले नाही."

"माहितेय. प्रत्येक शर्यत पाहिलीय मी. लोक घड्याळ बघायचे, मी तेवढंच बघायचो."

हिलरी तोंड फिरवून धावफलकावरचे आकडे वाचायला लागली. लॉरेनने तिला रुमाल दिला. तो ग्रेव्हीने माखलेला होता, पण हिलरीने काही न बोलता घेतला.

"माझी पाळी?" नेलने विचारलं.

"हर्डल तुझंच आहे," विल्फ म्हणाले.

नेल फार मागे गेली, गरजेपेक्षा बरीच मागे, आणि जीव खाऊन पळत आली. उडी तिने चांगली मारली, पण मागचा पाय खालीच राहिला. खट्‌ असा आवाज झाला. हर्डल गवतावर आडवं झालं. नेल दोन पावलं पुढे गेली आणि जागीच थांबली. या घरात चमचा पडला तरी आजी बघायची, आणि इथे तर पणजोबांनी तिच्यासाठी केलेली, तिचं नाव कोरलेली वस्तू तिने पाडली होती. तिने भीत भीत मागे वळून पाहिलं.

विल्फनी करवत काखेत धरली आणि टाळ्या वाजवल्या. भुशाने भरलेले मोठे हात, सावकाश, चार-पाच वेळा.

"थांबलीस कशाला?" ते म्हणाले. "पडलं ते पडलं. तू पळत राहायचं."

नेल पळाली. ती पार खेळपट्टीच्या दोरीपर्यंत पळत गेली आणि तिथून परत यायला वळली. लॉरेन पुढे झाली आणि तिने पडलेलं हर्डल उचलून पुन्हा तिच्या वाटेवर उभं केलं. घरात मांस गार होत होतं आणि लॉरेनला त्याचं काही वाटत नव्हतं.